भाऊजी कादंबरी रेकॉर्ड करतात

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, सोफे आणि खुर्च्या मढवायचं काम करतात. या कामात माणसाच्या ओठांत दिवसभर बारीक खिळे असतात. एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायला तिसरा हात आणायचा कुठून? तरुणपणापासून तोंडात लोखंड धरलेला माणूस बोलणार तरी किती. भाऊजी ‘हं’ म्हणतात, ‘बघू’ म्हणतात, आणि फारच उत्साहात असले तर ‘बघू हं’ म्हणतात. लग्न ठरलं तेव्हा आमच्या आईला शंका होती की मुलगा मुका आहे आणि ते लोक लपवताहेत.

तर असा हा माणूस एक दिवस म्हणाला, “मी तिच्यासाठी कादंबरी वाचून रेकॉर्ड करणार आहे.” मी चहा पीत होते. मला ठसका लागला.

‘ती’ म्हणजे ताई, माझी बहीण. ताई छापखान्यात प्रुफं तपासायची. नुसती नोकरी म्हणून नव्हे, तो तिचा स्वभावच. कुणाच्या लग्नाची पत्रिका आली की आधी चुका काढायची, मग तारीख बघायची. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा तिने पेन्सिलीने सुधारलेला मी पाहिलाय.

त्या छापखान्यात एक पद्धत होती. मोठं पुस्तक आलं की त्याचे भाग करून वेगवेगळ्या लोकांना तपासायला वाटायचे, म्हणजे काम लवकर उरकतं. एकदा तीन खंडांची एक जाडजूड कादंबरी आली आणि ताईच्या वाट्याला मधला खंड आला. सुरुवात एकाकडे, शेवट दुसऱ्याकडे. ताईने मधला खंड स्वल्पविरामासकट वाचला आणि त्यातल्या माणसांत अशी गुंतली की जेवताना त्यांच्याच गोष्टी. त्यांचं आधी काय झालं होतं ते तिला माहीत नाही, पुढे काय होणार तेही नाही. पुस्तक छापून आल्यावर तिने तिन्ही खंड घेतले आणि ठेवून दिले. निवृत्त झाल्यावर सलग वाचणार म्हणाली. मी म्हटलं, अगं आत्ता वाच. पण ताई म्हणजे ताटातलं आवडीचं शेवटी खाणारी बाई.

ती निवृत्त झाली आणि तिचे डोळे गेले. एकदम नाही. आधी नजरेच्या मधोमध एक डाग आला, मग तो मोठा झाला. आता तिला फक्त कडेकडेचं दिसतं. तुमच्याकडे बघायचं असलं तर ती मान वळवून भलतीकडे बघते. डॉक्टर म्हणाले, चालता-फिरता येईल, पण वाचायचं विसरा. ताई रडली नाही. ती खिडकीशी बसायला लागली.

बाजारात ऐकायची तयार पुस्तकं मिळतात, ती मी आणली. ही कादंबरी त्यात नव्हती. जुनी गोष्ट, आता कुणाला आठवतही नाही. मी आणलेली दोन पुस्तकं ताईने ऐकली आणि म्हणाली, “छान आहेत.” चुका काढणारी बाई ‘छान’ म्हणायला लागली की समजायचं, तिने सोडून दिलंय. मी वाचून दाखवते म्हटलं, तर म्हणाली, “नको, तू दर पानावर मत देतेस.” फोन वाजला तरी ती उचलेना. मला भीती वाटायला लागली होती, उघड सांगते. आमची ताई आमच्या डोळ्यांसमोर कमी कमी होत चालली होती.

भाऊजींनाही ते दिसत होतं. दिवसभर ते दुकानात, ही घरी एकटी. म्हणून रेकॉर्डिंग. सकाळी वाचून ठेवायचं, दिवसभर तिने ऐकायचं. कल्पना चांगली होती. नंतर जे झालं ते मात्र काय सांगावं.

भाऊजींचा एक मित्र आहे, लाउडस्पीकर भाड्याने देतो, सगळे त्याला भोंगेवाला म्हणतात. आवाजातला तज्ज्ञ म्हणून भाऊजींनी त्यालाच विचारलं. म्हणजे विहीर खणायची म्हणून पोहणाऱ्याला विचारण्यातला प्रकार. भोंगेवाल्याने सांगितलं, माइक जितका भारी तितका आवाज गोड. माइकला ओठ टेकवूनच बोलायचं. आवाज होईल तितका मोठा ठेवायचा. आणि चुकलं तरी घाबरायचं नाही, नंतर कॉम्प्युटरवर सगळं निस्तरता येतं. हे शेवटचं वाक्य भाऊजींना इतकं आवडलं की ते माझ्यापाशी दोनदा म्हणून दाखवलं. एवढं बोलणं म्हणजे त्यांच्या हिशेबाने भाषणच.

मग मोठा थोरला माइक आला. भाऊजींनी पहिलं पान वाचलं, रेकॉर्ड केलं, ऐकलं, आणि माइक खोक्यात घालून परत दुकानात गेले. दुकानदाराला म्हणाले, “मशीन खराब आहे. दुसऱ्याच माणसाचा आवाज येतो.” दुकानदाराने बिचाऱ्याने बदलून दिला. दुसऱ्या माइकमध्येही तोच परका माणूस बसलेला. शेवटी ताईला ऐकवलं आणि विचारलं, हा कोण?

“तुम्ही,” ताई म्हणाली. “असाच आहे तुमचा आवाज. लग्न झाल्यापासून हाच ऐकतेय मी.”

आपला आवाज आपल्याला आतून, हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो आपल्याला जाड आणि भारदस्त वाटतो. लोकांना ऐकू येतो तो वेगळाच. हे सगळ्यांचंच असतं, पण भाऊजींना ते फार लागलं. एवढा बारीक आवाज आपला? मग त्यांनी आवाज सुधारायचं मनावर घेतलं. हनुवटी छातीला टेकवून, घशातून, एकेक शब्द दगडासारखा खाली ठेवत वाचायला लागले. ते ऐकून ताईने विचारलं, “कोण वारलं?”

त्यात ओठ माइकला टेकवलेले. प्रत्येक ‘प’ आणि ‘फ’ला फाडकन कानाखाली वाजवल्यासारखं व्हायचं. कादंबरीतल्या नायिकेचं नाव ‘प’पासून सुरू होतं. बाई दर पानावर चारदा फुटायची.

मग निघाला फोमचा विषय. मढवणाऱ्या माणसाचा फोमवर जितका विश्वास असतो तितका दुसऱ्या कशावर नसतो. मागची सामानाची खोली त्यांनी फोमने मढवून काढली. भिंती, छत, दार, एवढंच काय, दाराची कडी. आत गेलं की कान बुजल्यासारखे व्हायचे. आता बाहेरचा चिटपाखराचाही आवाज येणार नाही, अशी त्यांची खात्री. मी बाहेर स्वयंपाकघरात उभी होते. त्यांचं वाचन मला शब्द न शब्द ऐकू येत होतं, आणि मला ते येतंय म्हणजे माझ्या भांड्यांचा आवाज त्यांच्यापर्यंत जातोय हे उघड होतं. फोमने खोलीतलं घुमणं थांबतं, बाहेरचं येणं थांबत नाही. शेजारच्या कुत्र्याने ते पहिल्याच दिवशी सिद्ध केलं. आणि त्या भारी माइकची तर तऱ्हाच न्यारी. जितका भारी तितका चौकस. पंप, कबुतरं, खुर्चीची कुरकुर, भाऊजींच्या पोटातली गुडगुड, सगळं त्याने भक्तिभावाने टिपलेलं. फ्रिजची घरघर येते म्हणून भाऊजींनी फ्रिज बंद केला आणि चालू करायला विसरले. दूध नासलं. मी म्हटलं, “भाऊजी, भीक नको पण कुत्रा आवर अशी वेळ आणलीत.”

“नंतर निस्तरू,” भाऊजी म्हणाले.

निस्तरायला बसले. कॉम्प्युटरमध्ये मागचा आवाज पुसून टाकायची सोय असते. थोडं पुसलं तर थोडं बरं झालं. मग पूर्ण पुसलं तर पूर्ण बरं होईल, असा त्यांनी हिशेब केला आणि ते बटण टोकापर्यंत ढकललं. अति तिथे माती. कुत्रा गेला, पंप गेला, आणि त्यांच्याबरोबर भाऊजींचा अर्धा आवाजही गेला. राहिला तो बादलीत तोंड घालून बोलणारा कुणीतरी.

ताईने ते प्रकरण शेवटपर्यंत ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते. आता ‘छान आहे’ म्हणेल, याचीच मला धास्ती होती. ती म्हणाली, “अहो, हे तुम्ही अंघोळ करताना वाचलंत का?”

कित्येक महिन्यांनी ती अशी बोलली होती. मी हसले आणि मग मला रडू आलं, आणि ते लपवायला मी नासलेलं दूध ओतायच्या निमित्ताने आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून ताई खिडकीशी बसायची बंद झाली. त्या खोलीत स्टूल टाकून बसायला लागली. अर्धा फोम तिने काढायला लावला. म्हणाली, “ऐकताना जीव कोंडतो. माणूस खोलीत बसून वाचतोय असं वाटू दे, कपाटात नाही.” भारी माइक परत गेला, साधा आला. तो ओठांपासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवायचा, म्हणजे ‘प’ त्याच्या अंगावर जात नाही. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नुसती म्हणायची, “थोडं इकडे. नाही. आता तिकडे. हां, आता वाचा.” आणि बाहेरचे आवाज पुसण्यापेक्षा ते नसतात तेव्हा वाचा, म्हणाली. म्हणून पहाटे उठून वाचन. भाऊजींनी आपला तो भारदस्त आवाजही सोडून दिला. दुकानात ‘बघू’ म्हणताना जो आवाज असतो त्याच आवाजात ते वाचायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाचायचे. सावकाश, काही न सजवता.

दिवसा ताई ऐकायची आणि संध्याकाळी प्रुफं द्यायची. “दुसऱ्या प्रकरणात एक ‘नाही’ खाल्लंत. त्यामुळे त्या बाईने लग्नाला होकार दिला ना.” भाऊजी मुकाट्याने दुरुस्त करायचे. त्यांचाही हात बसत गेला. खोकला, अडखळणं, कुत्र्याची एखादी भू, सगळं ते सफाईने कापायचे आणि दोन टोकं जोडायचे. ते त्यांना आवडायचंही. चांगल्या सोफ्याला शिवण कुठे आहे ते दिसता कामा नये, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व. “कळतंय का कुठे जोडलंय?” असं मला विचारायचे. मला कधीच कळलं नाही. माणूस खूश होता. दुकानात गाणं गुणगुणतो असं त्यांच्या गिऱ्हाइकाने मला सांगितलं. खिळे तोंडात असताना कसं गुणगुणायचे देव जाणे.

पहिला खंड झाला. ती माणसं कुठून आली ते ताईला अखेर कळलं आणि तिने मला फोन करून सगळं सांगितलं. तिने फोन केला, हे महत्त्वाचं. मग दुसरा खंड, तिने स्वतः तपासलेला. त्यात तिला तिचीच राहून गेलेली एक चूक सापडली. त्या दिवशी तिने स्वतःशीच अबोला धरला.

मग तिसरा खंड सुरू झाला. या खंडात काय होतं ते थोडक्यात सांगते. नायिका आता म्हातारी झाली आहे, आजारी आहे, अंथरुणाला खिळली आहे. नवरा तिचं सगळं करतो. गाव लहान, माणसं पांगलेली, दोघंच घरात.

एका संध्याकाळी मी गेले तर ताई टेबलाशी बसून सकाळचं रेकॉर्डिंग ऐकत होती. भाऊजी नुकतेच दुकानातून आले होते. मी मटार सोलायला घेतले. स्पीकरमधून भाऊजींचा आवाज येत होता आणि मला तरी सगळं ठीक वाटत होतं. एकदम ताई म्हणाली, “थांबवा. जरा मागे घ्या.”

भाऊजींनी मागे घेतलं. पुन्हा तेच ऐकलं.

“इथे काहीतरी गेलंय,” ताई म्हणाली.

“खोकलो होतो.”

“खोकल्याएवढं नाही. जास्त.” ती मान वळवून ऐकत होती. “या वाक्यापर्यंत लांब कुठेतरी पंप चालू आहे. पुढच्या वाक्यात तो एकदम नाहीच. पंप असा दोन शब्दांच्या मधे बंद होत नाही. आणि तुमचा श्वास घ्यायचा राहिलाय. श्वास न घेता बोलायला लागलात तुम्ही.”

मी पुन्हा कान देऊन ऐकलं. तिने सांगितल्यावर मलाही कळलं. आपल्याला वाटतं, कुणी बोलत नाही म्हणजे तिथे काही नाही, कापलं काय नि ठेवलं काय. पण खोली गप्प असली तरी तिचा एक आवाज असतोच, आणि तो तुटला की तुटल्याचं ऐकू येतं. ज्याला ऐकायचंय त्याला.

“शिवाय,” ताई म्हणाली, “तो नवरा नळाशी उभा आहे, तिचं भांडं घासायला घेतलंय. आणि लगेच पुढच्या वाक्यात दुसरा दिवस उजाडलाय? किती गाळलंत?”

भाऊजी टेबलाच्या कडेवर अंगठा घासत राहिले. “दीड पान.”

“का?”

“तसं काही महत्त्वाचं नव्हतं त्यात.”

ताईला राग आला. छापखान्यात असताना यायचा तसा, आवाज न चढवता. “माझे डोळे गेलेत,” ती म्हणाली. “मला काय कळू द्यायचं आणि काय नाही, हे आता तुम्ही ठरवणार? मग मी त्या पुस्तकाचं काय ऐकतेय? तुम्हाला झेपेल तेवढं?”

मी भाऊजींची बाजू घ्यायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ती बरोबर बोलत होती.

“आणा पुस्तक,” ती म्हणाली.

भाऊजी उठले, खंड घेऊन आले, पान काढलं. उभ्यानेच वाचायला लागले, मग बसले. त्या दीड पानात एवढंच होतं, की तो नवरा नळाशी उभा आहे. बायकोचं औषधाचं भांडं घासतोय. आणि त्याच्या मनात येतं, की एखाद्या सकाळी आपण उठलो आणि ती नसली तर. तो घाबरत नाही. क्षणभर त्याला हलकं वाटतं. त्या हलकेपणाचंच दीड पान होतं, घर कसं दिसेल, तो दार उघडून कसा बाहेर जाईल. मग आतून बायको हाक मारते आणि तो घासलेलं भांडं पुन्हा घासायला लागतो.

भाऊजींनी वाचून संपवलं आणि पुस्तक मिटलं.

ताईने विचारलं, “तुम्हाला वाटतं असं?”

मी उठून जावं की बसावं मला कळेना. हातातली शेंग तशीच हातात. भाऊजींनी ‘नाही’ म्हणावं म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. एवढंसं खोटं, कुणाचं काय जातंय.

“वाटतं,” भाऊजी म्हणाले. “कधी कधी. संध्याकाळी सगळं आवरून झालं की.” मग त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. “तू नसावीस असं नाही. हे सगळं नसावं असं. पण त्या वेळी दोन्हीतला फरक कळत नाही. म्हणून वाचवेना मला. तुला वाटलं असतं, याच्याही मनात हेच असणार. आणि आहेच.”

मला त्यांचा संताप आला. तो क्षणभरच टिकला, कारण ते बोलून झाल्यावर त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

ताई त्यांच्याकडे बघत होती, म्हणजे मान वळवून भिंतीकडे बघत होती. “मलाही वाटतं,” ती म्हणाली. “मी नसावं असं. तुम्ही फ्रिज पुसता, माझे कपडे काढून ठेवता, मला दार दाखवता, तेव्हा रोज वाटतं. तुमची सुटका होईल. पण मी ते तुमच्यापुढे कधी काढलं नाही. दिवसभर छान आहे, छान आहे म्हणत बसले. तुम्ही दीड पान गाळलंत. मी गेलं वर्षभर गाळतेय.”

भाऊजी रडले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते नीट येतही नव्हतं, मधेच नाक ओढत आणि मधेच थांबत. ताईने चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरला. मीही रडले, माझं काय, मी कशानेही रडते.

जरा वेळाने भाऊजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, “उद्या पहाटे हे सगळं पुन्हा रेकॉर्ड करतो. सबंध.”

“उद्याचं उद्या,” ताई म्हणाली. “आत्ता पुढचं वाचा. इथेच बसून. ती बाई त्यातून उठते की नाही ते मला कळायचंय.”

ती बाई उठत नाही. शेवटून दुसऱ्या प्रकरणात ती जाते. भाऊजींना ते माहीत होतं, त्यांनी आधीच पुढचं चाळून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळी, ताईचा हात हातात धरून, ते तिला ते प्रकरण संपेपर्यंत वाचत गेले. त्यांनी एक शब्दही गाळला नाही, आणि ताईने ते सगळं ऐकलं.